मोजू या आपला पाऊस, आपली विहीर
(शेतकी अभ्यासमाला)



पावसाळा तोंडावर आला म्हणजे चावडीवर, पारावर आणि काट्यावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या सावलीत एकच विषय निघतो. औंदा पाऊस कसा राहील? आणि पाऊस पडून गेल्यावर दुसरा विषय निघतो. किती पडला? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या हातात नाही. दुसऱ्याचे मात्र सर्वस्वी आपल्या हातात आहे, आणि नेमके तेच आपण कधी दिलेले नाही. "लय पडला", "बरा पडला", "नुसता शिडकावा झाला" ही आपली मापे. या मापांवर बोलणे भागते, हिशेब भागत नाही.

दिनांक २२ जुलै २०२३ चा दिवस आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. त्या दिवशी जिल्ह्यात धो-धो पाऊस झाला. महागाव तालुक्यात आनंदनगरची माणसे पुरात अडकून पडली. अनेकांच्या वावरातली माती वाहून गेली. असा पाऊस झाला की पुढे पंचनामे येतात, आणि पंचनाम्यामागे एक आकडा उभा असतो. महसूल मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी धरली जाते. मंडळातल्या यंत्रात जे पडते ते साऱ्या मंडळाचे. पण पाऊस काही मंडळाची हद्द पाहून पडत नाही. एका धुऱ्यावर पडतो आणि दुसऱ्या धुऱ्यावर पडत नाही, हे आपण सारे जाणतो. म्हणूनच दरवर्षी कोणी ना कोणी शेतकी कचेरीत येऊन म्हणतो, "आमच्या शिवारात त ढगफुटी झाली भाऊ, अन् कागदावर म्हन्ते चाळीस मिलिमीटर!"

तेव्हा आम्ही त्यांना एकच विचारतो, "तुमच्या शिवाराचा तुमचा आकडा कुठे आहे?" त्यावर उत्तर नसते.

या पाठाचा विषय तोच आहे. आपल्या शिवाराचा आकडा आपण कसा ठेवावा, आणि त्या कामात कॉलेजच्या मुला-मुलींना व त्यांच्या प्राध्यापकांना कसे जोडून घ्यावे.

सामान्य माणसांनी केलेले विज्ञान

शास्त्रज्ञ थोडे आणि देश मोठा. प्रत्येक वावरात शास्त्रज्ञ उभा करता येत नाही. पण प्रत्येक वावरात शेतकरी उभा असतोच. त्याने ठरलेल्या पद्धतीने, ठरलेल्या वेळी, सारख्या मापाने नोंद ठेवली आणि अशा शेकडो नोंदी एकत्र आल्या, तर त्यातून जे कळते ते एकट्या शास्त्रज्ञाला प्रयोगशाळेत बसून कळत नाही. याला नागरिक विज्ञान असे म्हणतात. नाव नवे वाटले तरी गोष्ट साधी आहे. मोजणारे आपण, तपासणारे विद्यापीठ आणि निष्कर्ष दोघांचा.

एक परदेशचे उदाहरण घेऊ. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स नावाचे शहर आहे. तेथे २८ जुलै १९९७ रोजी संध्याकाळी मोठा पूर आला, पाच माणसे दगावली आणि विद्यापीठाच्या इमारतींतही पाणी शिरले. नंतर विद्यापीठाच्या हवामान विभागातील लोकांनी घरोघर विचारपूस करून कोणाच्या अंगणात किती पाणी साठले याचा हिशेब लावला. तेव्हा दिसले की शहराच्या एका कडेला साडेतीनशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता, आणि काही किलोमीटरवरच्या दुसऱ्या कडेला त्याच्या पासंगालाही पुरणार नाही इतका कमी. सरकारी पर्जन्यमापके मोजकीच, त्यांना हे सारे कसे दिसणार? म्हणून १९९८ मध्ये त्याच विद्यापीठाने लोकांच्या हाती साधी प्लास्टिकची पर्जन्यमापके दिली आणि रोज सकाळी नोंद कळवायला सांगितले. एका शहरात सुरू झालेले ते काम पुढे त्यांच्या साऱ्या देशात आणि शेजारच्या कॅनडातही पसरले. त्यात शेतकरी आहेत, पेन्शनर आहेत, शाळेतली मुले आहेत. नोंद करणाऱ्याला पगार नाही. आपल्या गावचा आकडा खरा असावा एवढीच त्याची ओढ.

हे आपण एकदा केलेले आहे

कोणी म्हणेल, "हे अमेरिकेचं झालं, आपल्याकडे कोण करते?" तर ऊस उत्पादकांनी हे एकदा करून दाखविले आहे. जुन्या सभासदांना लोकरी मावा आठवत असेल. २००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात तो उसावर प्रथम मोठ्या प्रमाणात दिसला आणि बघता बघता महाराष्ट्र व कर्नाटकात पसरला. पानाच्या खालच्या अंगाला कापूस पिंजून चिकटवावा तसा पांढरा थर, आणि खालच्या पानांवर काळी बुरशी. लोक हबकून गेले. फवारण्या सुरू झाल्या. पण उंच वाढलेल्या उसात पंप घेऊन शिरणार कसे?

मग पाने उलटी करून बारकाईने पाहणे सुरू झाले. या माव्याला खाणारे किडेही त्याच पानांवर आहेत हे दिसून आले. डिफा नावाच्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस हे त्यांतले दोन मोठे कामकरी. मग शास्त्रज्ञ, साखर कारखान्यांचे शेतकी विभाग आणि शेतकरी यांनी मिळून काम केले. ज्या फडात हे मित्रकीटक भरपूर होते तेथील पाने कापून, ज्या फडात ते नव्हते तेथे नेऊन लावली. शास्त्रज्ञांनी किडीचे नाव सांगितले, तिचे जीवनचक्र सांगितले. पण कोणत्या गावात, कोणत्या फडात, कोणत्या पानावर ती आहे हे पाहणारे डोळे शेतकऱ्यांचे होते. ज्यांनी घाईने फवारले त्यांच्या फडात माव्याबरोबर मित्रकीटकही मेले. पुढे काही हंगामांत माव्याचा जोर ओसरला. पाहणे, नोंदणे आणि सांगणे या तीन गोष्टी औषधाच्या बरोबरीने कामाला आल्या.

कॉलेजचा संबंध काय?

आता विद्यापीठाकडे वळू. आपल्या मुलांना कॉलेजात पाठवताना आपण फी भरतो आणि निकालाची वाट पाहतो. गावाचा आणि कॉलेजचा संबंध एवढाच असावा असे कायद्यात कुठे लिहिलेले नाही.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. त्यातला स्वयंसेवक दोन वर्षांत २४० तास सेवा करतो आणि दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर होते. आपल्या गावांतही अशी शिबिरे झाली आहेत. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ त्याच वर्षी, १९६९ मध्ये स्थापन झाले. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुले-मुली कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून गावोगाव येतात. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये त्याच्याकडे आली. त्याला आज संत गाडगेबाबांचे नाव आहे. ज्या महापुरुषाने हातात खराटा घेऊन गाव झाडले आणि मग कीर्तनात गावाला प्रश्न विचारले, त्याच्या नावाच्या विद्यापीठातील मुलांनी गावात येऊन मोजमाप करावे यापेक्षा शोभणारे काय आहे?

अलीकडे यात आणखी भर पडली आहे. मुंबईच्या आय.आय.टी.ने आपल्या विद्यार्थ्यांना रायगड जिल्ह्यातील कर्जतसारख्या भागात पाठवून नळपाणी योजनांचा अभ्यास करवून घेतला, आणि तो अभ्यास त्यांच्या परीक्षेचाच भाग मानला. त्याच धर्तीवर राज्य शासनाने २०१६ मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियान काढले. आपला जिल्हा ज्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात होता, त्यात गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत आय.आय.टी.च्याच मदतीने बसविली गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये समाजसहभागाचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुचविला. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत पदवीच्या मुलांना क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग यांचे श्रेयांक, म्हणजे मार्कांसारखी जमा, मिळते. थोडक्यात, मुलांना गावात येणे आता गरजेचे झाले आहे. ती येणारच आहेत. प्रश्न एवढाच की ती आली म्हणजे आपण त्यांना काय काम द्यायचे?

आमचा एक कडू अनुभव येथे सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाची मुले आपल्या भागातील गावात आली होती. चांगली मुले होती. घरोघर फिरली, मोठे फॉर्म भरून घेतले. विहीर किती फूट, बैल किती, कर्ज किती, सारे विचारले. बायाबापड्यांनी कामधाम सोडून उत्तरे दिली, चहा पाजला. मुले गेली ती गेली. त्या कागदांचे पुढे काय झाले, त्यातून काय निघाले, हे कोणी सांगायला आले नाही. पुढल्या वर्षी दुसरी मुले तेच फॉर्म घेऊन आली तेव्हा एका आजीने विचारले, "बाप्पा, मागच्या वक्ताले सांगतलं होतं ना, ते कुठी गेलं?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

आजीचा प्रश्न रास्त होता. गावाची माहिती घेऊन जायची आणि गावाला काही द्यायचे नाही, याला अभ्यास म्हणता येईल, सहभाग म्हणता येणार नाही. म्हणून यापुढे रीत बदलायची आहे. नोंदवही गावाची, मोजणारा हात गावाचा. मुलांनी तपासायचे, आलेख काढायचा, हिशेब मांडायचा आणि तो ग्रामसभेत वाचून दाखवायचा.

पाठ पहिला : पाऊस

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एकरात साधारण ४,००० चौरस मीटर असतात. म्हणजे एक मिलिमीटर पावसाने एका एकरावर ४,००० लिटर पाणी पडते. २५ मिलिमीटरचा पाऊस म्हणजे एकरी एक लाख लिटर. हे एकदा डोक्यात बसले की "बरा पडला" असे म्हणवत नाही.

पर्जन्यमापक विकत मिळते. घरीही करता येते. तळापासून तोंडापर्यंत सरळ बाजूंचे कोणतेही भांडे चालते. त्यात साठलेल्या पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजली की तोच पाऊस. बाजू तिरप्या असतील तर मात्र ही रीत चुकते. अशा वेळी भांड्याच्या तोंडाचा व्यास पाहावा. तोंड बरोबर १६ सेंटिमीटर असेल तर त्याचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर होते, आणि मग साठलेले दर २० मिलिलिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. औषधाच्या मापाने किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेतील मापनळीने हे नेमके मोजता येते.

पाळावयाच्या गोष्टी अशा :

१) जागा मोकळी असावी. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या दुपटीइतके तरी अंतर तिच्यापासून ठेवावे. कडुनिंबाखाली ठेवलेले मापक कडुनिंबाचा पाऊस मोजते, शिवाराचा नाही.

२) भांड्याचे तोंड आडवे, समपातळीत असावे आणि जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर उंच असावे, म्हणजे चिखलाचे शिंतोडे आत जाणार नाहीत.

३) रोज सकाळी साडेआठ वाजता मोजावे. हवामान खात्याची वेळ हीच आहे. आपली वेळ जुळली तरच आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो.

४) पाऊस पडला नाही तर ० लिहावे. मोजायचे राहून गेले तर आडवी रेघ मारावी. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. राहून गेलेल्या दिवशी अंदाजाने आकडा भरणे म्हणजे वही बाद करणे होय.

५) मोजून झाल्यावर भांडे पूर्ण ओतून द्यावे.

हे काम घरातील शाळकरी मुलगा-मुलगी सहज करू शकते. पाच मिनिटांचे काम आहे, पण रोजचे आहे. खरी कसोटी त्या रोजच्यातच आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्या वहीतला आकडा सरकारी आकड्याची जागा घेणार नाही. पंचनामा सरकारी नोंदीवरच चालेल. पण एका मंडळातील दहा-वीस गावांनी एकाच पद्धतीने, एकाच वेळी, तीन-चार पावसाळे नोंद ठेवली आणि महाविद्यालयाच्या भूगोल विभागाने ती तपासून नकाशावर मांडली, तर "आमच्याकडे जास्त पडतो" हे रडगाणे राहत नाही, ती मागणी होते. मंडळातील यंत्र कुठे अपुरे पडते हे दाखविता येते. हातात कागद असलेल्या माणसाचे बोलणे कचेरीत वेगळ्या कानाने ऐकले जाते.

पाठ दुसरा : विहीर

पाऊस हा जमेचा आकडा, विहीर ही शिल्लक. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजते : जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर. आपल्या गावात त्यांची विहीर असेलच असे नाही. म्हणून आपण गावातील पाच-सहा विहिरी निवडाव्यात. काही नाल्याकाठच्या, काही माळावरच्या, एक पिण्याच्या पाण्याची. विहिरीच्या काठावर एका जागी रंगाची खूण करावी. तेथूनच दर वेळी दोरी सोडून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. मोटर रात्रभर बंद असावी आणि मोजणी सकाळी व्हावी. चालू मोटरीची पातळी काही सांगत नाही. दर पंधरा दिवसांनी एकदा मोजले तरी पुष्कळ झाले.

आता हिशेब. वीस फूट, म्हणजे सुमारे सहा मीटर व्यासाची गोल विहीर घ्या. तिच्यात एक मीटर पाणी म्हणजे २८,००० लिटर. चार मीटर पाणी असेल तर १ लाख १२ हजार लिटर. आता एक एकर उसाला पाटाने एक पाळी द्यायची. पाळीला ८ सेंटिमीटर पाणी धरले तर ३ लाख २० हजार लिटर लागतात. म्हणजे एका पाळीला अशा जवळजवळ तीन विहिरी उपसाव्या लागतात! आपण ते करतो, कारण उपसता उपसता झऱ्याने पाणी येत राहते. तेव्हा विहीर म्हणजे टाकी नव्हे. खडकातले पाणी दिसण्याची ती एक खिडकी आहे.

मग खडकात किती आहे? पुसद, उमरखेड, महागाव हा आपला भाग काळ्या पाषाणाचा, बेसाल्टचा. या खडकात वरचा मुरमाड थर आणि भेगा यांतच काय ते पाणी राहते. शंभर भाग खडकात पाणी धरून परत देणारी जागा साधारण एक ते तीन भाग. आपण दोन धरू. समजा एका गावाचे शिवार ५०० हेक्टर आहे आणि मे ते ऑक्टोबर या काळात तेथील विहिरी सरासरी चार मीटर वर आल्या. तर खडकात आलेले पाणी ४० कोटी लिटर झाले. आकडा मोठा वाटतो. पण सुरू उसाला पाटाने एकूण २५० हेक्टर-सेंटिमीटर, म्हणजे एकरी सुमारे एक कोटी लिटर पाणी लागते. त्यातला तिसरा हिस्सा पावसाने भागविला असे धरले, तरी विहिरीतून एकरी ६५-६७ लाख लिटर हवे. चाळीस कोटींत असे एकर बसतात फक्त साठ. शिवार साडेबाराशे एकरांचे, आणि विहिरींवर पाटाने ऊस निभतो तो साठ एकर. तोही हरभरा, गहू, जनावरे आणि पिण्याचे पाणी बाजूला न काढता! ठिबकाने ४० ते ५० टक्के पाणी वाचते असे धरले तर हेच क्षेत्र शंभर ते एकशेवीस एकरांवर जाते.

हा ढोबळ हिशेब आहे. पाटाचे काही पाणी झिरपून पुन्हा विहिरीत येते. कालव्याखालच्या गावांचा हिशेब वेगळा. खडकही जागोजाग वेगळा. म्हणूनच आमचा आकडा पाठ करू नका, तुमचा काढा. चार मीटरच्या जागी तुमच्या गावात अडीच निघतील किंवा सहा निघतील. ते कळण्यासाठी वही हवी, आणि असा हिशेब तपासून देण्यासाठी कॉलेजची मुले हवीत. त्यांच्या भूगोलाच्या, गणिताच्या पुस्तकातला धडा येथे जिवंत होतो.

आकडा निघाला की काय होते?

येथे एक अवघड गोष्ट सांगणे भाग आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव आपण ऐकून आहात. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने पाणी अडविले, आणि पाऊस व विहिरी मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची शिस्त लावली. त्या हिशेबावर गावाने नियम केले. शेतीसाठी बोअर नाही, आणि ऊस व केळी नाही. होय, उसाला बंदी. उसाच्या कारखान्याच्या पत्रिकेत आम्ही ही गोष्ट दडवून ठेवत नाही. त्या गावचा पाऊस आपल्यापेक्षा पुष्कळ कमी आहे, त्यांचा निर्णय त्यांच्यापुरता. पण आकडा कधी कधी आपल्याला नको ते सांगतो, हे मोजायला बसण्यापूर्वीच मान्य केले पाहिजे.

दुसरे उदाहरण पैनगंगेपलीकडच्या शेजाऱ्यांचे. अविभक्त आंध्र प्रदेशात सात अवर्षणप्रवण जिल्ह्यांत साधारण २००३ पासून शेतकऱ्यांनीच पाऊस व विहिरी मोजण्याचे मोठे काम चालले. पाऊस रोज, विहिरी पंधरा दिवसांनी, आणि रब्बीपूर्वी गावाने एकत्र बसून पाण्याचा अंदाज. कोणावर बंदी नाही, दंड नाही. आकडा भिंतीवर लिहिला जाई आणि मग ज्याचे त्याने ठरवायचे. अनेक ठिकाणी लोकांनी आपण होऊन भात कमी केला आणि कमी पाण्याची पिके घेतली. हुकमाने जे घडत नाही ते माहितीने घडू शकते.

आपल्यापुढचा प्रश्न हाच आहे. एप्रिल-मे मध्ये विहीर तळाला जाते आणि उभा खोडवा डोळ्यांदेखत वाळतो. बेणे, खत, मजुरी सारे मातीत. आकडा ऑक्टोबरातच हाती असता तर दोन एकरांऐवजी सव्वा एकर खोडवा ठेवला असता आणि तो नीट जगला असता. कारखान्यालाही वाळलेल्या चार एकरांपेक्षा भरलेले अडीच एकर परवडतात.

याच वहीत आणखी दोन पाने

पहिले पान पिण्याच्या पाण्याचे. आपल्या जिल्ह्यात काही भागांत जमिनीतील पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला लागत नाही. दातांवर डाग आणि पुढे हाडांचे दुखणे झाले म्हणजे कळते, तोवर उशीर झालेला असतो. पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत फ्लोराइड असावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर कमाल १.५ हे भारतीय मानक आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणीचे शिक्षण देण्याची तरतूद ठेवली गेली. आपल्या गावातील त्या पाच जणी कोण हे शोधा. त्यांनी केलेली तपासणी आणि महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात झालेली तपासणी शेजारी शेजारी लिहा. दोन्ही जुळल्या तर खात्री पटते, न जुळल्या तर पुन्हा तपासावे.

दुसरे पान पऱ्हाटीचे. आपल्यापैकी बहुतेकांच्या वावरात ऊस आणि पऱ्हाटी दोन्ही आहेत. २०१७ साली या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. भीतीने आणि ऐकीव सल्ल्याने फवारणे किती महागात पडते हे त्या वर्षाने शिकविले. कामगंध सापळ्यात रोज किती पतंग पडतात ते मोजा. सलग तीन दिवस सापळ्यामागे रोज आठ किंवा जास्त पतंग आले तर फवारणीचा विचार करावा, ही शिफारस आहे. त्याआधी पंप उचलू नये. येथे मोजणे हा नुसता अभ्यास नाही. तो माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

महाविद्यालयाशी बोलणी कशी करावी

गावात मुले आली म्हणजे सरपंच, सोसायटीचे संचालक आणि सभासदांनी प्राध्यापकांसमोर पुढील पाच गोष्टी ठेवाव्यात. भांडणाच्या सुरात नव्हे, सोयरीक जमवताना बोलतो तशा :

१) मूळ वही गावातच राहील. मुलांनी नक्कल न्यावी.

२) एका तुकडीची मुले परीक्षेनंतर गेली तर पुढच्या तुकडीने तेच काम तेथून पुढे चालवावे. विहिरीचा अभ्यास एका शिबिरात संपत नाही.

३) वर्षातून दोनदा, ऑक्टोबरात आणि मे मध्ये, निष्कर्ष मराठीत ग्रामसभेत वाचून दाखवावेत.

४) कोणाच्याही कर्जाची, घरची खाजगी माहिती कामाशिवाय विचारू नये, आणि नावासह कोठे छापू नये.

५) आकडा चुकला असे वाटले तर मुलांनी तो खोडून दुरुस्त करू नये. मोजणाऱ्याला विचारावे. आणि मोजणाऱ्यानेही रागावू नये.

बदल्यात गावाने मुलांना वेळ द्यावा, वावर दाखवावे आणि खरे सांगावे. ही मुले उद्या तलाठी, अभियंता, बँकेत अधिकारी, मास्तर होणार आहेत. विहिरीच्या काठावर वाकून दोरी मोजलेला मुलगा उद्या खुर्चीवर बसला तर शेतकऱ्याचा कागद वेगळ्या नजरेने वाचेल. आणि आपल्या मुलीने गावाच्या पाण्याचा आलेख ग्रामसभेत उभा राहून समजावून सांगितला, तर त्या दिवशी बापाची छाती किती फुगेल हे आम्ही सांगायला नको.

स्वाध्याय

सभासदांनी पुढील तीन प्रश्नांची उत्तरे काढून शेतकी कचेरीत किंवा आपल्या गटाच्या चिटबॉयकडे द्यावीत.

१) तुमच्या विहिरीचा व्यास किती? आज सकाळी तिच्यात किती मीटर पाणी होते? त्याचे लिटर किती झाले?

२) त्या पाण्यात तुमच्या उसाच्या एका पाळीचा कितवा हिस्सा भागतो?

३) तुमच्या गावात पावसाची वही कोण ठेवील? नाव एकाचेच द्या. "सारे मिळून ठेवू" असे लिहिले म्हणजे कोणीच ठेवणार नाही, हा आमचा अनुभव आहे.

मृगाच्या आत भांडे जागेवर बसवा आणि शंभर पानी वही आणा. पहिल्या पानावर गावाचे नाव, शिवाराचे नाव आणि मोजणाऱ्याचे नाव घाला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पहिला आकडा लिहा. पाऊस नसेल तर ० लिहा. शून्यही आकडाच आहे.



— शेतकी विभाग